नत्थूजींचं अर्धं ब्लँकेट

वच्छलाबाईला नात झाली, ही बातमी तांडापेठेत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती सांगत ती स्वतःच गल्लीभर फिरली. मुलगा भूपेश मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरीला. त्याने दवाखान्यातून फोन केला मात्र, हिच्या अंगात वारं शिरलं. पेढे आणायचे, पाळणा घासायचा, आणि सगळ्यांत आधी ट्रंक उघडायची!

घरात नवं माणूस आलं की त्याला वच्छलाबाईच्या हातचं लोकरीचं ब्लँकेट मिळणार, हा या घरचा रिवाज. सून भारती लग्न होऊन आली तेव्हा तिलाही मिळालं होतं. नातीचं मात्र आधीच विणायला घेतलेलं होतं, आणि तेही वच्छलाबाईने नव्हे, तिच्या नवऱ्याने.

नत्थूजी जातिवंत विणकर. उभा जन्म हातमागावर गेला. माग बंद पडला तेव्हा हा माणूस घरात असा भिरभिरायला लागला, की वच्छलाबाईने वैतागून त्यांच्या हातात विणायच्या सुया कोंबल्या. "हे बायांचं काम होय," म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं. मग असे रमले की जेवायला उठवावं लागे. भूपेशच्या लग्नानंतर लगेच पोपटी लोकर आणून त्यांनी नातवंडाचं ब्लँकेट सुरू केलं. नातवंडाचा अजून पत्ता नव्हता, पण धीर धरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ब्लँकेट अर्ध्यावर आलं आणि मागच्या हिवाळ्यात ते गेले. टाके सुईवर तसेच राहिले. त्या सुईला हात लावायची वच्छलाबाईची छाती झाली नव्हती.

आज तिने ते ट्रंकेतून काढलंच. बारशाला बाळ याच ब्लँकेटवर निजलं पाहिजे, बस! ती सपासप विणत सुटली.

भारतीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने ब्लँकेट पलंगावर पसरून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. नत्थूजींचा भाग चौकोनी, घट्ट. त्यापुढे वच्छलाबाईचा भाग घेरदार परकरासारखा पसरत गेलेला. टाके तेवढेच, पण त्यांचा हात आवळ आणि हिचा सैल.

"आई, सगळंच उसवून पुन्हा विणा ना. एकसारखं होईल."

पोरगी चांगल्या मनानं बोलली होती. पण वच्छलाबाई उसळलीच. "ह्यांच्या हातचं उसवू? अवं, मागं काय ठेवून गेले ते? एवढंच तं आहे!"

तिने उसवलं ते स्वतःचं. सीताबर्डीच्या बाजारात जाऊन बारीक सुया आणल्या, पुन्हा विणलं. टाके लहान झाले खरे, पण अंगात जोर नसल्यासारखे लुळे. पुन्हा उसवलं. बारसं तोंडावर आलं, बायकांना बोलावणी गेली, आणि ब्लँकेट होतं तिथंच. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

सकाळी दारातल्या उन्हात ती हातपाय गाळून बसली. नत्थूजी विणायला इथेच बसत. बसले की उजवा पाय सारखा हलत असे. मागाखालच्या पट्ट्या पायाने दाबायच्या आणि लगेच हाताने फणी मागे ओढून धागा घट्ट ठोकायचा, अशी जन्माची सवय. माग गेला तरी पाय थांबला नव्हता. किती चिडवायची ती त्यांना! "खाली माग नाही जी, काहून पाय आपटून राहिले?"

वच्छलाबाई ताठ बसली. तिने टाका घातला आणि उजव्या पायाने जमीन दाबली. हात आपोआप मागे ओढला गेला. टाका आवळला! पुन्हा टाका, पुन्हा पाय. ओळ संपली तशी तिने ती नत्थूजींच्या ओळीशेजारी धरली आणि किंचाळलीच.

"भारती! लवकर ये वं! जमून राहिलं!"

भारती बाळाला घेऊन धावत आली. सासू दारात बसून पाय आपटते आहे, विणते आहे आणि खदाखदा हसते आहे. काय चाललंय ते तिला कळेना. कळलं तेव्हा तीही हसायला लागली आणि भांबावून बाळ रडायला लागलं.

बारशाच्या सकाळी वच्छलाबाईने शेवटचा टाका बंद केला. बायका जमल्या. पोपटी ब्लँकेट पाळण्यात अंथरलं. अगदी चौकोनी, कुठे वाकडं नाही. भूपेशने त्यावरून हात फिरवला.

"आई, बाबाचं कुठवर आहे अन् तुयं कुठून आहे?"

"हे काय, दाखवतो ना." वच्छलाबाई वाकली. कडेपासून बोट फिरवत निघाली, मधून पुढे गेली, परत मागे आली. उलटी बाजू पाहिली. नत्थूजींच्या ज्या हातासाठी एवढा जीव आटवला तो कुठे संपतो हेच आता तिला सापडेना. तिने डोळे मिटून पुन्हा चाचपलं. जिथे बोट टेकावं तिथे नत्थूजीच होते.

"मले नाही सापडून राहिलं गा," ती म्हणाली, आणि सगळ्या बायकांसमोर, भरल्या डोळ्यांनी, मोठमोठ्याने हसू लागली. "आण वं भारती पोरीले. निजव तिच्या आजोबाजवळ."