राखणीची पाळी आणि पाचवीचा वर्ग

गुरुजींच्या शोकसभेत लोक हसले.

हसणाऱ्यांवर माझा राग नाही. गोष्ट सांगणाऱ्याने ती हसण्यासाठीच सांगितली होती. महाडमधल्या त्या लहानशा सभागृहात मी पहिल्या रांगेत बसले होते. समोर टेबलावर माझ्या यजमानांचा फोटो होता, हार घातलेला. बोलायला उभे राहिलेले गृहस्थ शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले होते. एके काळी आमच्या शाळेच्या तपासणीला तेच आले होते. ते म्हणाले, "इतका उपक्रमशील शिक्षक मी पाहिला नाही. एकदा मी तपासणी करतोय आणि अख्खा वर्ग पळून गेला. मागोमाग गुरुजीही पळाले. उरलो मी आणि खुर्ची." लोक हसले. मागे कोणीतरी टाळीही वाजवली आणि जागेचं भान येऊन थांबलं.

 चारचौघांत बोलण्याचा माझा स्वभाव नाही, आणि नवऱ्याच्या फोटोपुढे बसून बाईने भांडू नये असं सगळ्यांना वाटत असतं. पण घरी आले ती ताप आल्यासारखी. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची ओढून बसले आणि ठरवलं की ती गोष्ट आपण लिहायची. सावकाश लिहू, पण पूर्ण लिहू.

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याला एस.टी.तून उतरलं की डोंगराकडे एक पायवाट जाते. वर गाईम्हशी पाळणाऱ्या लोकांची वाडी. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत आम्ही दोघं शिक्षक होतो. गुरुजी मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. वाडीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत, शाळेत मीही तेच म्हणे, आणि पुढे घरीही तेच तोंडात बसलं. शनिवारी शाळा सुटली की आम्ही महाडला यायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. आठवडाभर वाडीतच एका खोलीत राहायचो. रॉकेलच्या कंदिलापाशी दोघं दोन पुस्तकं घेऊन बसायचो. आमच्या संसाराचं वर्णन एवढंच करता येईल, आणि मला ते पुरे वाटतं.

वाडीत राखणीची पाळी होती. सगळ्या वाडीची गुरं एकत्र चरायला जायची, आणि ती राखायला रोज पाळीने एकेका घरातलं माणूस जायचं. पावसाळ्यात मोठी माणसं शेतात, म्हणून पाळी पोरांवर यायची. पोरांवर म्हणजे बहुतेक पोरींवर. ज्या घराची पाळी त्या घराची मुलगी त्या दिवशी शाळेत नाही, हे आम्हाला माहीत असायचं. गुरुजी दुसऱ्या दिवशी तिला आधी बसवून कालचा धडा सांगायचे आणि मग आजचा सुरू करायचे. कुणाला रागावणं नाही, दंड नाही. ते म्हणायचे, राखण हेही काम आहे, आणि काम चुकवून आलेल्या मुलाला मी कुठला धडा शिकवू?

त्या पाळीसोबत आणखी एक रीत होती. भाताच्या रोपात गुरं शिरलेली ज्याला दिसतील त्याने धावायचं. रोप कुणाचं, गुरं कुणाची, हातात काम काय, हे विचारायचं नाही. रोप गेलं की लावणी गेली, आणि लावणी गेली की ते घर वर्षभर दुसऱ्याच्या कामावर. जेवणाच्या ताटावरून उठून धावलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमचं सगळं भांडण पाचवीच्या वर्गासाठी होतं. चौथी झाली की मुलगे खाली उतरून शिकायला जायचे, नातेवाइकांकडे राहायचे. मुली थांबायच्या. वाटेत रान, मध्ये ओढा, पावसात तो ओढा मोठ्या माणसालाही उतार देत नसे. आईबाप म्हणायचे, "गुरुजी, पोरगी हुशार हाय, पर धाडू कशी?"  म्हणून गुरुजींनी दरवर्षी मागणी केली की इथेच पाचवी द्या. दरवर्षी उत्तर यायचं की ठरावीक अंतरात दुसरी शाळा आहे. ते अंतर नकाशावर मोजलेलं होतं. नकाशावर दरी सपाट असते आणि ओढ्याला पाणी नसतं.

इथे मला खात्याबद्दल थोडं बोलू द्या. त्या काळात आम्हाला आनंददायी शिक्षण शिकवलं गेलं. आनंद कसा द्यायचा हे शिकायला आम्हा दोघांना एकाच वेळी, ऐन पावसात, तालुक्याला बोलावलं जायचं. शाळेला कुलूप. परत आलो की शाळा बंद का होती याचा खुलासा मागितला जायचा. कधी मतदारयाद्या, कधी पोलिओचे डोस, कधी जनगणना. एका वर्षी शाळाबाह्य मुलं मोजायला आम्हाला डोंगर पालथे घालायला पाठवलं. ते काम चाललं तेवढे दिवस आमची सगळी मुलं शाळेबाहेरच होती, पण त्यांना मोजायचा रकाना कागदावर नव्हता. मग पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याला माझा विरोध नव्हता. पण इंग्रजी शिकवायला तिसरा माणूस द्या म्हटलं तर एक तक्ता मिळाला. मग खिचडी आली. मुलांना गरम अन्न मिळालं हे चांगलंच झालं. पण शिजवणारी बाई नेमेपर्यंत चुलीपाशी मी होते आणि पहिली-दुसरी माझ्या मागे ओलं लाकूड फुंकत होती.

आता नापास करायचं नाही असं म्हणतात. शहाणे लोक त्यावर वाद घालतात. मला त्या वादाचं हसू येतं. आमच्या मुलींना कोणीच नापास केलं नव्हतं. त्या सगळ्या पास झाल्या आणि घरी बसल्या.

तर त्या वर्षी चौथीत मुली बऱ्याच होत्या. पटावरची संख्या डोळ्यांत भरेल अशी होती. गुरुजींच्या कचेरीतल्या चकरांनी कंटाळून की काय, खात्याकडून कळवण्यात आलं की तपासणीचे साहेब स्वतः येऊन पाहतील, आणि मुलं मिळाली तर पुढच्या जूनपासून पाचवीचा विचार होईल. गुरुजी वाडीत हे सांगून आले तेव्हा इतके खूश होते की त्यांनी चहात साखर दोनदा घातली आणि तसाच प्याले.

वाडीत पाळ्या ठरवणारे एक आजोबा होते. त्यांनी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की उद्या एकही पोर राखणीला जायचं नाही. सगळी शाळेत, डोक्याला तेल लावून. कोणी विचारलं, मग गुरं? ते म्हणाले, "गुरं गोठ्यात. साहेब सकाळी येतील, बघतील, जातील. एक सकाळ उपाशी राह्यली तर मरत नाय." गुरुजींना मात्र हे आवडलं नाही. ते म्हणाले, ज्याची पाळी आहे तो जाऊ दे, मी साहेबांना समजावीन. आजोबा म्हणाले, "गुरुजी, तुमी पोरांना समजवा. साहेब आमच्यावर सोडा." सगळे हसले, आणि तसंच ठरलं.

साहेब सकाळी आले नाहीत. पोलादपुरात जेवण झालं, मग गाडी, मग चढ. वाडीत दुपार झाली. पाऊस उघडला होता. सकाळपासून गोठ्यांतून हंबरणं चाललं होतं, आणि वर्गात बसून ते ऐकताना एकेक मूल चुळबुळत होतं. आपल्या म्हशीचा आवाज त्यांना वेगळा ओळखू येत होता. शेवटी साहेब आले, खुर्चीत बसले, बूट पुसले, आणि म्हणाले, एखादं मूल वाचून दाखवू दे.

गुरुजींनी चौथीतल्या एका मुलीला उभं केलं. ती आमच्या शाळेची वाचणारी मुलगी. आमच्या खोलीतली पुस्तकं नेऊन गुरांमागे बसून वाचायची आणि पानात गवताची काडी घालून परत आणायची. तिने धडा सुरू केला. आवाज स्पष्ट, कुठे अडखळणं नाही. साहेबांनी मान हलवली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी पाचवी आमच्या हातात होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्याच वेळी वाडीत एका म्हाताऱ्या आजीला ते हंबरणं ऐकवेना. तिने आपल्या गाईचं दावं सोडलं. मग शेजारच्या म्हशीचंही सोडलं. भुकेलं जनावर बांधून ठेवणं तिच्याने आयुष्यात कधी झालं नव्हतं. एक गोठा सुटला तशी बाकीचीही दावी तोडून निघाली, आणि राखणीला कोणीच नव्हतं; मोठी माणसं लांब खालच्या शेतांत होती.

मुलगी दाराकडे तोंड करून वाचत होती. वाचता वाचता ती थांबली. पुस्तक मिटून खाली ठेवलं. म्हणाली, "गुरुजी, गुरं रोपात गेली."

आणि ती गेली. तिच्यामागे चौथी, मग तिसरी. दुसरीतलीही पोरं उठली. कोणी परवानगी मागितली नाही. गुरुजी क्षणभर उभे राहिले, साहेबांना म्हणाले, "आलोच," आणि धोतराचा सोगा खोचून तेही धावले. मी पहिलीच्या चिमुरड्यांना दारात अडवून धरलं. साहेब खुर्चीत बसून होते.

रोप थोडं तुडवलं गेलं, बाकीचं वाचलं. सगळी परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि मुलं हसत होती. मोठं काम झाल्यावर हसतात तशी. साहेब हसत नव्हते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात की गुराखी?"

गुरुजींना धाप लागली होती. ते म्हणाले, "साहेब, हे रोप गेलं असतं तर ही माणसं पोरं घेऊन वीटभट्टीवर गेली असती. मग पट कुठून आणला असता?"

"हे मी शेरेबुकात लिहू?"

"लिहा," गुरुजी म्हणाले. "खरंच लिहा."

साहेबांनी ते लिहिलं नाही. शाळेच्या शेरेबुकात त्यांनी लिहिलं की शाळेत शिस्तीचा अभाव आहे आणि मुख्याध्यापकांचे वर्गावर नियंत्रण नाही. पाचवीचा वर्ग आला नाही. त्या वर्षीही नाही आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी गुरुजींची बदली पाचाडच्या बाजूला झाली, माझी दुसरीकडे, आणि काही वर्षं आम्ही नवराबायको रविवारी भेटायचो. गुरुजी त्यावर चिडले नाहीत. ते चिडले असते तर मी शांत राहिले असते. आता ते नाहीत, तेव्हा त्यांच्या वाटचंही चिडणं माझ्याकडे आलं आहे. ज्या माणसाने शिस्त नाही म्हणून लिहिलं, तोच आज त्याला उपक्रमशीलता म्हणतो, आणि दोन्ही वेळा त्याला काही किंमत मोजावी लागत नाही.

शोकसभेनंतर काही दिवसांनी दार वाजलं. वाडीतली एक बाई मला भेटायला आली होती, कडेवर लहान मुलगी. मी चष्मा लावेपर्यंत ओळखलं नाही. धडा वाचणारी ती. तिला गुरुजींचं उशिरा कळलं होतं. ती आधी फोटोपुढे बसली. मग कपाटातली पुस्तकं पाहत म्हणाली, "बाई, हितं तर जास्तच झालीत." मी तिला हवी ती घे म्हटलं. तिने एक काढलं, आणि वाचू लागण्याआधी मुलीला मांडीवर नीट बसवलं.

वाडीची हकिकत विचारली. शाळा आहे, चौथीपर्यंतच. एक मास्तर येतो, एक कागदावर असतो. आता सगळ्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आलाय असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग मुलीच्या केसांतून हात फिरवत विचारलं, "ओढा उतरायला साकव पन देनार काय त्या कायद्यात?"  तिला पाचवी पाहिजे होती तेव्हाही ओढ्यावर साकव नव्हता, आणि तिच्या मुलीला पाहिजे होईल तेव्हाही बहुधा नसेल.

मी तिला शोकसभेतली गोष्ट सांगितली, लोक हसल्याचंही सांगितलं. वाटलं, तिला माझ्यासारखाच राग येईल. निदान हळहळेल, की त्या दिवशी आपण धावलो नसतो तर. तसं काही झालं नाही. तिला धावण्यात विचार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली.

"आमी समदी धावलो, गुरुजी धावले. मंग साहेब काय करीत होते?"

"बसले होते."

"खुर्चीत?"

"हो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी काही लपवतेय की काय अशी तिची नजर होती.

"त्यांना दिसत होतं ना, बाई? दार तर उघडं होतं."

दार उघडं होतं. त्यांना सगळं दिसत होतं.