नवा पॉवर सप्लाय आणि अण्णांची मेंढरं

मागच्या रविवारी जतजवळ बिरूच्या गावी गेलो होतो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही...

बिरू माझा कराडच्या हॉस्टेलमधला रूममेट. आता गावातच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता, बटण दाबलं की पंखा नुसता एकदा हलायचा. फोनवरच मी निदान करून टाकलं... पॉवर सप्लाय गेलाय, दुकानात देऊ नकोस, येताना सांगलीतून नवा घेऊन येतो. कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं असा मित्रांत माझा लौकिक आहे. तो पसरवला मीच.

पोचलो तर बिरूचे वडील, अण्णा, दारातच. "कवा चालू हुईल रं?" एवढंच विचारलं.

अण्णांचा जन्म मेंढरांमागं गेला. मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, बिरूला मेंढरं राखायची नव्हती, आणि सगळा कळप विकावा लागला. त्याआधी बिरूनं मोबाइलवर भरपूर शूटिंग करून ठेवलं होतं. पाणवठ्यावरची मेंढरं, लोकर कातरताना, नुकती जन्मलेली कोकरं...

तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णा कॉम्प्युटरपुढं बसायचे. "लाव की रं मेंढरं." मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेकीची ओळख. "ही बांडी बघ, लय खोडीची. हिनं ज्वारीत शिरून मला रानमालकाच्या शिव्या खायला लावल्यात." मागं एकदा मी हे पाहिलं होतं आणि मला हसू आलं होतं.

तर काम सुरू केलं. नवा सप्लाय वेगळ्या कंपनीचा, पण जुन्यासारखाच, वायरी सुट्या काढता-घालता येणारा. मदरबोर्डच्या वायरी नव्या लावल्या. व्हिडिओ साठवायच्या वेगळ्या हार्ड डिस्कची जुनी वायर मात्र मागच्या पत्र्याआड प्लास्टिकच्या टायनं घट्ट बांधलेली. आता ती कोण सोडवत बसणार... तिचं टोक नव्या सप्लायमध्ये घालून बघितलं. टक्‌कन बसलं. बसतंय म्हणजे चालतंय, असा हिशोब केला मी.

नवी वायर खोक्यात होती. तिची पिशवीसुद्धा मी फोडली नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. अण्णा खूश, मी त्यांच्याहून खूश. बिरूनं लगेच मेंढरांचा फोल्डर उघडायला घेतला, तर ती डिस्कच दिसेना. मग वास आला... जळक्या प्लास्टिकचा, हलकासा.

प्लगचा आकार सारखा असला तरी आत कुठली तार कुठं जाते, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा गेले. नव्या सप्लायबरोबर आलेल्या कागदावर ठळक छापलं होतं, जुन्या वायरी वापरू नका म्हणून. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले लोक असले कागद वाचत नाहीत.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं. "मोबाइलमधलं कवाच पुसलं, समदं ह्यातच हुतं," बिरू म्हणाला. हा प्रश्न स्क्रू काढायच्या आधी विचारायचा असतो.

डिस्क घेऊन मी सांगलीला रिकव्हरीवाल्याकडं गेलो. त्यानं तिचं सर्किट बदलून पाहिलं, आणखी काय काय करून पाहिलं. शेवटी म्हणाला, आतलंपण जळलंय, काही निघणार नाही.

हे फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही. काल स्वतः गेलो आणि अण्णांसमोर बसून सांगितलं.

"समदीच गेली व्हय?"

"हो अण्णा."

अण्णा म्हणाले, "टेम्पोत घालून धाडली तवाच गेल्ती की ती. तू कशाला त्वांड पाडून बसलायस? च्या घे."

घरात सून होती, तिला हाक मारून माझ्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकायला लावला. मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बिरूचा कॉम्प्युटर आता पहिल्यापेक्षा झकास चालतोय. दिवेलागणीला तो आत काम करत होता. अण्णा मात्र बाहेरच होते, मेंढरांच्या रिकाम्या कुंपणाकडं तोंड करून बसलेले. मी निघालो म्हणून पाया पडलो, तर पाठीवरून हात फिरवला.

अण्णा, तुम्ही चहा पाजून मला मोकळं केलंत... पण मी अजून मोकळा झालेलो नाही.