जिन्यामागची जागा

नव्वदच्या दशकात मी राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायला होते. ऑफिसात मी एकटीच बाई आणि माझ्या पदाचं नाव ड्राफ्ट्समन. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपुरीतल्या एका जागेवर दुकानगाळ्यांची इमारत उठायची होती. उठायची होती म्हणजे काय, जागेवर अजून पत्र्याचं जुनं गोडाऊन उभं होतं आणि कुदळ कुणी मारली नव्हती. पण दर रविवारी ऑफिसात पार्टनरांची बैठक भरायची आणि कुणाच्या दुकानाची पाटी कुठं लागणार यावर आवाज चढायचे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पार्टनर दोघं. जागा ज्यांची ते पन्हाळ्याकडचे शेतकरी, म्हशी बाळगून असलेले आणि बोलताना समोरचा बहिरा आहे असं धरून चालणारे. दुसरे महाद्वार रोडवरचे साड्यांचे व्यापारी. ते आपलं दुकान या नव्या इमारतीत आणणार होते. माझी थोरली बहीण त्यांच्याच दुकानात साड्या दाखवायला होती.

वडील गेल्यावर अक्का त्या दुकानात लागली आणि तिच्या पगारावर माझा डिप्लोमा झाला. दुकानात बायकांना जायला जागा नव्हती. पुरुष मागच्या बोळात भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे. अक्का समोरच्या एका ओळखीच्या घरी जायची. पुढं त्या घरात नवी सून आली. एकदा तिनं दार उघडता उघडता, "हे आता रोजचंच झालं," असं म्हटलं, आणि अक्का त्या उंबऱ्यावर पुन्हा गेली नाही. तिनं पाणी पिणंच सोडलं. लग्नसराईत दिवसभर साड्या उलगडायच्या आणि घोटभर पाणी नाही. मग जळजळ, ताप, डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. घरी आल्यावर अक्का त्यावर खूप हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

इमारतीचं काम आमच्याकडे आलंय हे कळल्यावर एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यो नकाशा तूच काढालीस न्हवं?"

"काढते की."

"मग बायकांच्यासाठी एक खोली काढ त्यात. पर माझं नाव घिऊ नगंस. मालकास्नी कळलं तर मला तोंड दाखवाय जागा न्हाय."

म्हणजे अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तशातली गत. खरं म्हणजे मला काही मागावंच लागणार नव्हतं. आमच्या आर्किटेक्ट सरांच्या पहिल्या नकाशात जिन्यामागं दोन खोल्या होत्याच, एक पुरुषांची आणि एक बायकांची. मी त्या कौतुकानं रेखल्या होत्या. बायकांच्या खोलीला उंचावर खिडकी दिली, दार रस्त्याकडून दिसणार नाही असं वळवलं. पण रविवार आला की काहीतरी आखडायचं. पार्किंग आखडलं, जिना आखडला. गणपतीची देवळी तेवढी जिथं होती तिथं राहिली, तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग एका रविवारी साडीवाल्या मालकांचं बोट फिरत फिरत जिन्यामागं येऊन थांबलं.

"ही दुसरी खोली कशाला? ह्यात अर्धा गाळा निघतोय की."

सर म्हणाले, "लेडीज."

लेडीज एवढंच. पुढचा शब्द सरांनाही जड गेला. मालक हसले. "आता गिऱ्हाईक बाई काय मुक्कामाला येती व्हय? आन् कामाच्या बायका म्हणाल तर माझ्या दुकानात हायत की. इतकी वर्सं झाली, एकीनं कधी तोंड उघडलं न्हाय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे खोड, असा त्याचा अर्थ. माझ्या हातात रबर होता. त्या माणसाचा मला इतका राग आला की बाकीचं काही दिसेना, आणि रागापेक्षा मोठी लाज. बोलायचं तर जे बोलायचं त्याची लाज, गप्प बसायचं तर अक्काच्या भाकरीची लाज. मी म्हटलं, "सर, ती खोली लागते."

जागेचे मालक मोठ्यांदा म्हणाले, "कशाला लागती?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांच्या घरी मोकळं रान होतं.

"मुतायला," मी म्हणाले. "दिवसभर बायकांनी धरून बसायचं का?"

माझे कान तापले. सर स्केलकडे बघायला लागले. साडीवाले मालक भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचत राहिले. चहा घेऊन आलेला माणूस दारातच अडकला. मला वाटलं, आता ही जमीन दुभंगेल तर बरं. पण पन्हाळ्याचे गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरुबर हाय की पोरीचं. म्हशीला सुदीक आपण येळंवर सोडतो."

म्हशीशी तुलना झाली, पण बाजू आपली घेतली, म्हणून मी ती गिळली. साडीवाले मालकही माणूस वाईट नव्हते. त्यांनी मान डोलावली. "असू दे मग. ऱ्हाऊ दे खोली. पर कुलूप पायजे बरं का. रस्त्यावरची माणसं घुसून घाण करत्यात."

"आणि किल्ली?" सरांनी विचारलं.

"माझा गाळा जिन्याला लागूनच हाय. माझ्या गल्ल्यावर ठिवा. ज्येला पायजे त्यो मागून घिऊन जाईल."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला तर ती व्यवस्था अक्काच्या सोयीचीच वाटली, दोन पावलांवर किल्ली. त्या संध्याकाळी मी गल्लीतून चालत नव्हते, तरंगत होते. एवढ्या पुरुषांत एकटीनं खोली राखली होती. येताना पाव किलो पेढे घेतले.

अक्काला सगळं सांगितलं, फक्त मी वापरलेला शब्द सोडून. ती खूश झाली. खिडकी केवढी, आतून कडी आहे का, पाण्याचा नळ आत की बाहेर, सगळं विचारून घेतलं. मी पाठकोऱ्या कागदावर पुन्हा सगळं काढून दाखवलं. तिनं माझ्या तोंडात पेढा घातला. "माझं नाव न्हाय न्हवं निघालं?" "नाही गं." तिला हायसं वाटलं.

"आणि बाहेरची माणसं शिरू नयेत म्हणून कुलूप असणारे," मी म्हणाले. "किल्ली तुमच्या मालकांच्याच गल्ल्यावर."

अक्कानं कागदावरच्या त्या दारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे येळ आली की मालकास्नी जाऊन सांगायचं? गिऱ्हाईक बसल्यालं असतंय, पोरं असत्यात. त्येंच्या म्होरं जाऊन म्हणायचं, किल्ली द्या, मी चाललो?"

ती रागानं बोलली नाही. तिला खरंच विचारायचं होतं की हे कसं करायचं. माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला. जे एकदा बोलताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं, तेच अक्कानं रोज, भर दुकानात, त्या माणसापुढं हात पसरून सांगावं अशी सोय मी मान हलवून करून आले होते, आणि वर पेढे आणले होते.