धुक्याने भरलेली डिस्क

अण्णांना माझ्याकडे पाहायचे असले की ते खिडकीकडे तोंड करीत. माझ्या वडिलांच्या नजरेचा मधला भाग केव्हाच विझला होता. उजव्या डोळ्याच्या कडेला एक अरुंद पट्टी तेवढी उरली होती, आणि एखादी वस्तू त्या पट्टीत धरायची तर तिच्यापासून चेहरा वळवावा लागे. मी समोर बसलेली असे आणि ते बाहेरच्या पागोळ्यांकडे पाहत मला विचारीत, "आज हिरवी साडी का?" ही पट्टीही आकसत जाणार, किती महिन्यांत ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर संगणकावरची अक्षरे आणखी मोठी केली.

तो संगणक त्यांनी स्वतः जुळवलेला. देहूरोडच्या डेपोत वायरलेस संच दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोणावळ्यात, कुसगावच्या अंगाला, आम्ही हे लहानसे घर बांधले, तेव्हा आधी त्यांचे टेबल आले आणि टेबलावर हे यंत्र. त्यावर लिनक्स, कुणालाही आतून उघडून बदलता येणारी प्रणाली. "ज्याचं झाकण आपल्याला उघडू देत नाहीत ते यंत्र आपलं कसं?" एवढेच त्यांचे म्हणणे. नजर मंदावू लागल्यावर त्यांनी चाचपडत पडद्याचे सारे रूप बदलले. मागे काळा रंग, वर हळदीसारखी पिवळी अक्षरे, आणि एक भिंग, जे मजकूर इतका फुगवी की अख्ख्या पडद्यावर एक शब्द मावे, फार तर दोन.

रोज सकाळी दहा ते बारा, उजेड बरा असताना, ते वाचत. काय वाचतात ते मला माहीत नव्हते. मी खोलीत शिरले की एक कळ दाबली जाई आणि पडदा कोरा होई. वाचून दाखवू का, असे मी दोनदा विचारले होते.

"नको. हे माझं मला वाचायचंय," ते म्हणाले. "आणि ही कड शिल्लक आहे तोवर संपवायचंय."

भाद्रपदातल्या एका सोमवारी त्यांची हाक आली. "अगं, हा मला आत घेत नाही."

पडद्यावर नावाची चौकट होती. पासवर्ड दिला की क्षणभर सारे नाहीसे होई, स्वागताचा सूर अर्ध्यावर तुटे आणि पुन्हा तीच चौकट समोर येई. सूर तुटलेला अण्णांनी कानांनी टिपला होता. "दार उघडतं आणि तोंडावर लागतं. मधे काय दिसतं, सांग."

"काळोख होतो. म्हणजे पुरता काळोख नाही, गाडी बोगद्यातून बाहेर पडायच्या आधी जसा..."

"कवयित्रीबाई, उपमा नकोत. काळं की राखाडी?"

"राखाडी."

"किती वेळ?"

"पापणी मिटून उघडावी इतका."

"सेकंद सांग, सेकंद. पापणी कुणाची धरायची?"

त्यांना दिसत नव्हते आणि मला कळत नव्हते. दोघांचे मिळून एक कसेबसे माणूस तयार झाले आणि ते त्या यंत्रासमोर बसले. डेपोतल्या सवयीने त्यांनी निळ्या पुठ्ठ्याचे रजिस्टर मागवले. त्यात पाच रकाने होते : लक्षण, शेवटी काय बदलले, कारण, उपाय, शेरा. त्यांचे अक्षर आता ओळ सोडून वाहत जाई, म्हणून लिहायचे काम माझ्याकडे आले.

"शेवटी काय बदललं?"

"काहीच नाही," मी म्हणाले, आणि तसेच लिहिले.

आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतः यंत्राला लिनक्सची नवी आवृत्ती दिली होती, तेव्हा संशय तिच्यावर गेला. तरी आधी वायर, मग बाकीचे, हा त्यांचा क्रम मोडला नाही. सोमवारी आम्ही पडद्याची वायर काढून पुन्हा खोचली. त्यांनी खोक्याच्या पाठीशी नाक नेऊन वास घेतला. जळकट काही नव्हते, होती ती ऊन धूळ आणि पावसाळ्याची बुरशी. मंगळवारी सुरुवातीच्या यादीतून मागची आवृत्ती निवडून पाहिली. दार उघडले आणि लागले. बुधवारी झाकण काढून मेमरीच्या पट्ट्या बाहेर घेतल्या आणि त्यांचे सोनेरी दात अण्णांनी खोडरबराने हलक्या हाताने घासले, एखाद्या लहान मुलाचे घासावेत तसे. ही उपमा मी मनात ठेवली.

त्या दिवसांत मी त्यांच्या इतकी जवळ बसत होते की त्यांच्या सदऱ्याचा, कापराचा आणि सोल्डरच्या जुन्या धुराचा वास मला पुन्हा नवा झाला. आणि त्या वासाबरोबर एक जुनी गोष्ट वर आली. बारा वर्षांपूर्वी माझा कवितासंग्रह निघाला, तेव्हा पहिली प्रत मी त्यांच्या हाती दिली होती. त्यांनी कागद बोटांत चोळला, अनुक्रमणिका उघडली आणि म्हणाले, "सदतिसाव्या पानाच्या जागी त्र्याहत्तर छापलंय." मग पुस्तक कपाटात गेले. मी महाविद्यालयात इतरांच्या कविता शिकवते. माझ्या कवितेविषयी बरे बोलणारेही मला भेटले आहेत. तरी माझ्यातले कुणीतरी त्या कपाटाच्या दाराशी उभे राहिले ते तिथून हललेच नाही.

गुरुवारी दहा वाजता अण्णा कोऱ्या पडद्यासमोर जाऊन बसले. मान न हलवता खिडकीचे किती गज दिसतात ते मोजून ते नजरेचा हिशेब ठेवीत.

"सोमवारी पाच होते," ते सहज म्हणाले. "आज साडेचार."

घाटाकडे निघालेल्या मालगाडीचा भोंगा ओल्या हवेत जाडसर होऊन आला. स्वयंपाकघरात इंद्रायणी तांदळाला उकळी फुटली होती. मळवलीहून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"अजून उठला न्हाई व्हय त्यो?"

"नाही, मावशी."

"पर ताई, आयतवारी तुमी मोबाईल जोडून बसलावता न्हवं? ती वायर माझ्या पायात आलती. लय येळ चाललं व्हतं. माझ्या भाकऱ्या थापून झाल्या तरी तुमचं आपलं चालूच."

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवले. म्हणजे माझ्याकडे पाहिले.

"काय घातलंस आत?"

"फोन भरला होता. त्यातले व्हिडिओ."

"कसले?"

"धुक्याचे," मी म्हणाले.

दोन पावसाळे मी पडवीत उभी राहून धुके टिपत होते. दरीतून ते वर येते, आधी आंबा पुसते, मग फाटक, मग आपलाच पुढे केलेला हात. ते पाहून पुढे काही लिहीन, असे मनात होते. रविवारी ते सारे मी अण्णांच्या यंत्रात ओतले आणि फोन रिकामा केला. हा बदल आहे, असे मला वाटलेच नव्हते. धुके कुठे जागा घेते?

"धुकं बी भरून ठेवत्यात व्हय?" मावशी हसत सुटल्या. "रोज दारात येतंय की आपल्या पायानं!"

अण्णा हसले नाहीत. त्यांचा आवाज मात्र एकदम तरणा झाला. "निम्मी डिस्क रिकामी आहे, या भरवशावर मी बसलो होतो. चल, मागच्या दाराने जाऊ. कंट्रोल, आल्ट आणि एफ तीन, एकदम."

चौकट गेली. काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उरली. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. मी नाव लिहिले आणि पासवर्ड दिला. "अक्षरं उमटत नाहीत," मी घाबरून म्हणाले. "उमटणार नाहीत. त्याला ऐकू येतंय," ते म्हणाले. मग एकेक अक्षर सांगत गेले : डी, एफ, मोकळी जागा, आडवी रेघ, एच. मी आकडे वाचले. डिस्क शंभर टक्के भरली होती.

"माणूस आत आला की यंत्राला त्याची एक चिठ्ठी लिहून ठेवावी लागते," ते म्हणाले. "चिठ्ठीपुरती जागा उरली नाही. मग ते बिचारं काय करणार? बाहेर काढतं."

आता धुक्याच्या व्हिडिओंचे फोल्डर पुसायचे होते. आज्ञा लिहून झाली आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. कचऱ्याची टोपली पलीकडे, चित्रांच्या घरात असते. इथे गेलं ते गेलं. दुसरी प्रत आहे?"

"नाही."

"मग बाजारातून मोठी डिस्क आण. उद्या तिच्यावर उतरवू, मग पुसू."

मी खिडकीकडे पाहिले. बाहेर त्या आठवड्यातला सर्वांत चांगला उजेड होता. साडेचार गज.

"नको," मी म्हणाले. "धुकंच तर आहे. रोज येतं."

आणि कळ दाबली. मिनिटभर काहीच झाले नाही. मग पांढरी ओळ पुन्हा लुकलुकू लागली, जणू काही घडलेच नव्हते.

यंत्र पुन्हा सुरू केले. चौकट आली, पासवर्ड दिला आणि स्वागताचा सूर शेवटच्या स्वरापर्यंत वाजला. मावशींनी स्वयंपाकघरातून "आला गं बाई!" म्हणून ओरडून सांगितले. मी उठू लागले, तशी अण्णांनी मला खुणेने बसवले. क्षणभर ते घुटमळले. डेपोतला त्यांचा एक नियम होता. यंत्र ज्या कामासाठी आहे ते काम दुसऱ्या माणसासमक्ष करून दाखवल्याशिवाय दुरुस्ती झाली असे लिहायचे नाही. तो नियम मोडणे त्यांना जमले नसावे.

त्यांनी कळा दाबल्या. पडदा काळा झाला आणि त्यावर एक पिवळा शब्द उभा राहिला, हातभर लांब : ओलसर. भिंग सरकले. पुढचा शब्द आला : उंबरठ्यावर. मग : वाळत. मग : घातलेली.

चौथ्या शब्दाला मला माझी ओळ कळली. छपाईपूर्वी प्रुफांची फाईल मी याच यंत्रावर तपासली होती. ती मी विसरले होते. पान बेचाळीस. एवढ्याला त्यांना अडीच महिने लागले होते.

"अण्णा," मी म्हणाले. मग एखाद्या विद्यार्थिनीसारखे विचारले, "कसं वाटतंय?"

ते खिडकीकडे वळले. "धुकं फार आहे. सतरा वेळा आलंय." मग म्हणाले, "काम पुरं झाल्याशिवाय शेरा देत नसतात. रजिस्टर घे."

त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. शेवटी काय बदलले : डिस्कमध्ये कन्येने धुके भरले. कारण : जागा संपली. उपाय : धुके काढले. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवायला सांगितला.

नंतर मी खोलीत गेले तरी पडदा कोरा होत नसे. मी दारात टेकून उभी राहायची आणि माझे शब्द एकेक करून काळोखातून येताना पाहायची. घाईघाईत लिहिलेला एखादा शब्द पडद्यावर इतका मोठा आणि इतका वेळ उभा राही की मला त्याची लाज वाटे. मार्गशीर्षात गज दोन झाले, मग एकही नाही. अण्णा एकसष्टाव्या पानावर होते. पुढचे मी वाचून दाखवते, असे मी रोज म्हणे. "उद्या बघू," ते म्हणत आणि दहा ते बारा यंत्रासमोर बसून पंख्याचा आवाज ऐकत. माघात ते गेले.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, एका सकाळी पडवीत फोन हातात घेऊन उभी होते, तेव्हा मला आठवले. ते सारे व्हिडिओ मी याच जागी उभी राहून काढले होते आणि माझ्या पाठीमागे खोलीत अण्णा असत. त्यांचे खाकरणे, खुर्चीची करकर. "दार लाव गं, गारठा येतोय." "काय बघतेस एवढं?" धुक्याला आवाज नसतो, तेव्हा त्या तासन्‌तासांच्या पांढरेपणात ऐकण्यासारखे जे काही होते ते त्यांचेच असणार. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. त्या दिवशी मी नुसते "उद्या" म्हणाले असते तर एक दिवस गेला असता.

पण साडेचार गज होते. त्या गुरुवारपासून मार्गशीर्षापर्यंत त्यांनी एकोणीस पाने वाचली. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी ठेवून पाहते. त्यांची वजाबाकी मला येत नाही.

यंत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे. नव्या आवृत्त्या देण्याआधी मी डिस्कवरची जागा पाहते, रजिस्टरमध्ये नोंद करते आणि आधी वायर तपासते. कधीकधी दहा वाजता मी ती फाईल उघडते. ती आपोआप एकसष्टाव्या पानावर उघडते. अण्णा कुठे थांबले होते ते तिच्या लक्षात आहे. पान तेवढे लक्षात आहे, त्यांनी वाचलेला शेवटचा शब्द नाही. म्हणून मी भिंग पहिल्या ओळीवर नेते आणि खिडकीकडे तोंड वळवून, त्यांच्यासारखी डोळ्याच्या कडेने, एकेक पिवळा शब्द वाचत जाते. प्रत्येक शब्दाशी थांबते. हा असेल का? की हा? पान संपते, आणि मी पुन्हा वर जाते.