दादाची टेपची झोळी

माझ्या दादाने आयुष्यात एकही वस्तू मोडून पडू दिली नाही आणि त्याचं वाटोळं झालं ते त्यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक त्याला गुणी म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं?

एकतीस वर्षं तो वॉशबेसिनच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. बेसिन खोक्यात बसवायचं, कोपऱ्यांत थर्माकोल कोंबायचा, वरून टेप मारायची. त्याचा हात इतका साफ होता की खात्यात सगळे त्याला टेपमास्तर म्हणत. रोल खाली ठेवताना तो टेपचं टोक बोटभर आत दुमडून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ते नखाने खरवडून शोधत बसायला नको. घरातसुद्धा त्याची ही सवय सुटली नाही. लहानपणी आम्ही एका दौतीत टाक बुडवायचो, तेव्हाही माझा टाक पुसून ठेवणारा तोच.

एकदा कारखान्यात खोकी पुढे नेणारा सरकता पट्टा मधोमध फाटला. नवा यायला चार दिवस लागणार होते. दादाने रुंद चंदेरी टेप घेतली, तीच ती जाड, आतून कापडाचं अस्तर असलेली डक्ट टेप, आणि दोन्ही बाजूंनी मारून पट्टा चालू करून दिला. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला घाई?" तो चार दिवसांचा पट्टा नऊ वर्षं चालला. दर सोमवारी दादा अर्धा तास आधी जाऊन टेप बदलायचा. त्या अर्ध्या तासाबद्दल त्याला कोणी विचारलं नाही आणि याने चकार शब्द काढला नाही.

साहेबांना नावं ठेवायला माझी जीभ सरसावते खरी, पण मी तरी काय दिवे लावले? आमची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. दादा आणि वहिनी तिचं सगळं करायचे. मी फोन करायचे, "दादा, जमतंय ना रे?" तो म्हणायचा, "जमतंय गं. तू नको धावपळ करूस." मी चार वर्षं धावपळ केली नाही.

तो निवृत्त झाला त्याच महिन्यात त्याचे खातेप्रमुखही निवृत्त झाले. त्यांना घड्याळ मिळालं. दादाला खोकं भरून डक्ट टेप दिली, बारा रोल, वरून लाल फीत बांधून. सगळे पोट धरून हसले म्हणे. दादाही हसला आणि खोकं खांद्यावर टाकून घरी आला. मी विचारलं, "अरे, राग नाही आला तुला?"

"टेप चांगली आहे गं," तो म्हणाला.

वहिनी गेल्यावर माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, त्याला आपल्या घरी नेलं. दोन खोल्या आणि एक गॅलरी. भाचा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर चार शब्द सुनावता आले असते. सून कामाच्या मीटिंगा घरूनच घेते, नात शाळेत जाते. नातीला अभ्यासाचं टेबल हवं झालं तेव्हा दादाची खाट घराबाहेर गेली. भाचा म्हणाला, "बाबा, महिनाभर काढा. गॅलरीत बसेल अशी घडीची खाट आणतो." तोवर सोफा होताच. पण सोफा आखूड, पाय बाहेर लोंबायचे, आणि घरचे टीव्हीपुढे बसले की याला उठावं लागायचं. खाली गादी टाकावी, तर दादाचे गुडघे गेलेले. जमिनीवर एकदा टेकला की उचलायला माणूस लागतो.

म्हणून त्याने ते खोकं उघडलं.

टेपच्या नऊ-नऊ फुटी पट्ट्या त्याने कापल्या. प्रत्येक पट्टीची चिकट बाजू आत घेऊन ती लांबीत दुमडली, वरून आणखी एक थर दिला. अशा सोळा पट्ट्या उभ्या टाकल्या, त्यांत आडव्या पट्ट्या एक वर एक खाली अशा विणल्या, आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे छोटा तुकडा मारला. दोन्ही टोकांना झाडूचे दांडे. दांड्यांना कपडे वाळत घालायची जुनी दोरी, आणि दोरी गॅलरीच्या दोन भिंतींतल्या हुकांना. आधी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून पाहिल्या, मग चार, मग स्वतः चढला. सहा दिवस लागले. टाचणीचाही खर्च नाही.

मी बघायला गेले तेव्हा सुनेने मला हाताला धरून गॅलरीत नेलं. चंदेरी झोळी उन्हात चमकत होती. मी आडवी होऊन पाहिली. खोटं कशाला बोलू, पाठीला बरं वाटलं.

"आत्या, बघितलंस बाबांचं डोकं?" भाचा म्हणाला. "माझ्या ऑफिसात फोटो दाखवले मी. कोणाचा विश्वास बसेना."

"आणि खाट कधी आणतोयस?" मी विचारलं.

"आता कशाला खाट?" त्याला खरंच नवल वाटलं. "चालतंय ना मस्त."

दादा खाली मान घालून दोरीचं टोक चाचपत होता. चहा झाल्यावर आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. "महिन्यासाठीची वस्तू इतकी नीट करायला तुला सांगितलं कोणी?"

"वाईट करता येत नाही गं मला."

मग त्यानेच सांगितलं की ही टेप तुटत नाही, पण सैल पडते. ऊन लागलं की गोंद मऊ होतो, पट्ट्या सरकतात, आणि झोळी रोज बोटभर खाली येते. तो रोज सकाळी सगळे उठायच्या आधी दोरीची गाठ सोडून पुन्हा वर आवळतो. घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला तो सोमवारचा पट्टा आठवला आणि डोक्यात सणक गेली.

"दादा, उद्यापासून गाठ आवळायची नाही," मी म्हटलं. "खाली येऊ दे. दिसू दे त्यांना. तू झाकत राहशील तोवर तुला खाट मिळायची नाही."

त्याने दोरीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "बरं." साठी उलटलेल्या माणसाने पहिल्यांदाच एखादी वस्तू बिघडू द्यायचं कबूल केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, मी त्याला चोरी करायला सांगितली आहे.

रोज फोनवर मी विचारायचे आणि तो हलक्या आवाजात सांगायचा. आज जमिनीपासून तीन विती राहिली. आज दोन. आज दीड, दोरीला धरून उठलो. कोणी काही बोललं का? नाही. नात खूश आहे, तिला आता स्वतःची स्वतः चढता येतं. सुनेने खालून केर काढला, झोळी हाताने उचलून धरली आणि परत सोडली. भाचा रोज गॅलरीत उभा राहून दात घासायचा. बाप दर दिवशी बोटभर खाली चालला होता आणि पोराला पत्ता नव्हता.

अठराव्या दिवशी दुपारी दादा आडवा झाला आणि पाठ फरशीला लागली. झोळी दोन्ही बाजूंनी वर येऊन त्याच्याभोवती मिटली. गुडघे छातीशी, हात अडकलेले. सून पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती, पण तिच्या साहेबांनाही ऐकू गेली असती, म्हणून याने मारली नाही. दोन तास तसाच पडून राहिला. शाळेतून नात आली, तिने आईला ओढून आणलं, मग दोघींनी मिळून त्याला काढलं. सून रडली म्हणे. भाचा ऑफिसातून निघून तडक घरी आला.

हे सगळं दादाने संध्याकाळी मला फोनवर सांगितलं, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी आनंद झाला. काम फत्ते झालं असं वाटलं.

"मग? काय म्हणाला तो?"

"काही नाही. बघितलं, आणि चहासुद्धा न घेता तसाच बाजारात गेला."

खाटच आणायला गेला, हे मी धरूनच चालले. "घेऊन आला?"

"हो. दोन रोल," दादा म्हणाला. "भारीतली आणली गं. उन्हात सैल न पडणारी. दुकानदाराला मुद्दाम विचारून आणली. मला म्हणाला, बाबा, आधी सांगायचं ना टेप संपली म्हणून."

माझ्या घरी मागची खोली आहे. लेक सासरी गेल्यापासून तिथली खाट रिकामी आहे, इस्त्रीचे कपडे ठेवायला वापरतो आम्ही. तीन गाड्या बदलल्या की दादा माझ्या दारात. दादा, उद्या निघून ये, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते कपडे कुठे ठेवायचे, यांना काय सांगायचं, लेक बाळंतपणाला आली तर काय, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. फोनमधून टेप उलगडल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. तो कामाला लागलाही होता.

"मग आता चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल की," दादा म्हणाला. "एकच रोल लागेल असं दिसतंय. दुसरा तुला ठेवलाय, आलीस की ने. टोक दुमडून ठेवलंय."