रिकाम्या गल्लीचा फोटो

निजामाच्या कचेरीची उर्दू दफ्तरं बांधण्यात बन्सीधर जिल्दसाजाची हयात गेली. राज्य बदललं, परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, कागद मराठीत आले. हात मात्र जुनेच राहिले. म्हणून दिनकरराव इंजिनियरांनी पॅरिस शहराच्या फोटोंचा खिळखिळा झालेला जाडजूड ग्रंथ बांधायला दिला, तेव्हा बन्सीधरनं सवयीनं शिवण उर्दू पुस्तकासारखी उजव्या बाजूला घातली.

बायकोनं, कमलबाईनं, तो मराठी पुस्तकासारखा उघडला.

"अगं बाई, केवढाले रस्ते! आन् पुढं बघा, गल्ल्या व्हायल्यात. गाव भरायलंय हळूहळू."

"उलटं बघायलीस तू." बन्सीधरनं ग्रंथ आपल्या बाजूनं उघडला. "आधी गल्ल्या होत्या. त्या पाडून रस्ते केले."

"आन् त्यातली माणसं?"

दोघांनी पुन्हा पानं चाळली. दारं उघडी, दोरीवर कपडे, वाटेत हातगाडा. माणूस एकाही पानावर नव्हता. कमलबाईनं ग्रंथ मिटला आणि हात पदराला पुसले.

दिनकरराव आले ते शिवण बघून वैतागलेच. "अहो, हे काय उर्दू दफ्तर आहे? डावीकडून बांधा."

"बांधतो, सायेब. पन ह्यातली माणसं कुठं गेली?"

"होती की! कॅमेरा मंद होता. हलणारा माणूस काचेवर उमटायच्या आत निघून जातो. जे हलत नाही तेवढंच राहतं." मग खूश होऊन म्हणाले, "परभणीचाही असाच ग्रंथ छापायचाय. रस्ता होण्याआधी, झाल्यानंतर. तुमच्याच गल्लीपासून सुरुवात. उद्या दुपारी फोटोवाला येतोय."

"आमची गल्ली पाडायची?"

"वस्ती असली तर लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतील. पडीक असली तर प्रश्नच नाही. वरचे लोक इथं कुठं येतात? फोटो बघून ठरवतील."

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यानं तिपाईवर तसलाच मंद, जुना लाकडी कॅमेरा चढवला, तसा बन्सीधर दारोदार फिरला. "जरा वेळ हलू नका. हलाल तर फोटोत दिसणार न्हाई. घर जाईल आपलं."

"का वो बन्सीमामा, पुतळे बसवायलेत का आमचे?" चंद्रभान शिंप्यानं विचारलं.

"मामाच्या डोक्यात जिल्दीची खळ गेलीय!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी गल्ली हसली. हसत हसत आपापल्या कामाला लागली.

बन्सीधर एकटा उंबऱ्यावर बसला. हात गुडघ्यांवर, श्वास धरून. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याच्या भिंगावरचं टोपण काढलं.

आतून कमलबाईची हाक आली. "अवं, भाकरी वाढू का?"

तो गप्प.

"अवं! ऐकू येईना का?"

तो गप्प.

"अवं, बरं हाय ना तुमाला?" आवाज कापरा झाला होता. "बोला की!"

बन्सीधरनं मान वळवली. "हाय, हाय. इथंच हाय मी."

फोटो धुऊन आला, तेव्हा तो कचेरीत गेला. फोटोत चंद्रभान नव्हता. पाण्याला गेलेल्या बाया नव्हत्या, शेळ्या नव्हत्या. सगळी दारं सताड उघडी. फक्त एका उंबऱ्यावर धोतर नेसलेलं एक धड बसलेलं, बोट न् बोट स्वच्छ. मानेच्या वर धूर.

"हा मी, सायेब."

दिनकररावांनी फोटो उजेडाला धरला. "याला तोंड कुठंय?"

"मी समोर उभा हाय की तुमच्या!"

"तुम्ही आहात हो. यात नाही." आणि त्यांनी खाली लिहिलं: पडीक गल्ली.

गल्ली पाडली. बन्सीधर आणि कमलबाई रेल्वे रुळांपलीकडं राहायला गेले. तिथं तो दिवसभर उंबऱ्यावर बसायचा, हात गुडघ्यांवर ठेवून. कमलबाई आतून हाका मारायची. तो ओ द्यायचा नाही, मानही वळवायचा नाही. येणारेजाणारे दाराशी थांबायचे, त्याच्यावरून आत डोकावायचे आणि विचारायचे,

"घरात कुनी हाय का?"