चाड्यावरची मूठ

२७ ऑक्टोबर २०२३. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. धाकट्या भावाने बैल तिफणीला जुंपले आणि मी चाड्याजवळ उभा राहिलो. वय अडुसष्ट. त्या दिवसापर्यंत मी जमिनीत एक दाणाही पेरला नव्हता.

ज्यांनी ट्रॅक्टरचीच पेरणी पाहिली आहे त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे. तिफणीला तीन दात असतात. वर लाकडी वाटी असते, ते चाडे. त्यातून तीन नळ्या तिन्ही दातांपर्यंत उतरतात. मागून चालणारा मुठीतले बी चाड्यात सोडत जातो. बोटे किती उघडायची हे चालीवर ठरते. पाऊल सारखे तर धार सारखी. चुकले ते मातीखाली राहते आणि आठ-दहा दिवसांनी उगवून वर येते. कुठे गर्दी, कुठे मोकळी जागा. ते मग सर्वांना दिसते.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. डावा पाय वाळला. डावा हात मांडीवर दाबून मी चालतो आणि प्रत्येक पावलाला शरीर एकदा खाली जाते. थोरला मुलगा म्हणून पहिली मूठ माझी होती. आमच्याकडे तिफणीची पूजा होते, नारळ फुटतो आणि घरातला थोरला मुलगा वयात आला की वडील मूठ त्याच्या हाती देतात. माझ्या वेळी वडिलांनी बियाण्याची ओटी धाकट्याच्या कमरेला बांधली. मी कारण विचारले. त्यांनी लपवले नाही.

"तुहा पाय लंगडते, तं मूठबी लंगडन. वावर रस्त्यावर हाये. साऱ्या गावाले दिसन."

ते कठोर नव्हते. पेरणीचा ओलावा चार दिवस टिकतो, बैलजोडी एकच होती आणि चूक परवडणारी नव्हती. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही समजले. समजल्याने इच्छा गेली नाही.

पुढे मालेगावला एका अडत दुकानात मुनीम झालो. बसून करण्याचे काम होते. चौतीस वर्षे धान्य माझ्यासमोरून गेले. शेतकरी पोते उघडत, मी हात घालून दाणा पाहत असे. तूर, सोयाबीन, हरभरा. सगळे दुसऱ्याच्या मुठीतून पेरलेले. पेरणीच्या दिवसांत दुकान ओस पडत असे. मी गादीवर बसून रस्त्याकडे पाही आणि आता आमच्या शेतात बैल कुठवर आले असतील याचा अंदाज करी.

माझ्या भाड्याच्या खोलीमागे लांब अंगण होते. सुटीच्या दिवशी मी मुठीत चुलीची राख घेऊन त्या अंगणात चालत असे. राखेची रेघ पडे. पाय खाली गेला की रेघ जाड, वर आला की बारीक. झाडून टाकायची, पुन्हा चालायचे. घरमालकिणीने एकदा विचारले, मुंग्यांसाठी औषध टाकता का. मी हो म्हणालो. त्यानंतर तिने आपल्या दाराशीही टाकायला सांगितले. तेही केले.

पत्नीला मात्र खरे ठाऊक होते. ती हसली नाही. रेघ बरी पडली की, आज बरी आहे, एवढेच म्हणे. ती जाऊन सहा वर्षे झाली. देवाजवळ मी फारसे मागितले नाही. मागणे मला जमत नाही. ही एक गोष्ट मात्र रोज मागितली, आणि मिळेल असे मानून राख टाकत राहिलो.

निवृत्तीनंतर गावी परतलो तेव्हा पेरणी ट्रॅक्टरने होत होती. मूठ कुणाचीच उरली नव्हती. केनवडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नाल्याच्या वळणात आमचा एक तिकोनी तुकडा आहे. तिथे ट्रॅक्टर वळत नाही म्हणून तो पडीक होता. मी भावाला सांगितले, यंदा तिथे हरभरा पेरायचा, बैल भाड्याने आणायचे, मूठ मी धरणार.

त्याने सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "भाऊ, आता या वयात कायले? लोक हासतीन."

"हासू दे. तू बैल हाक."

त्याने जुनी तिफण माळ्यावरून काढली आणि दात घट्ट करून घेतले.

नारळ त्याने फोडला. पहिली मूठ मी सोडली. दाणे नळीतून उतरल्याचा आवाज ऐकला. त्या आवाजासाठी मी किती वर्षे थांबलो होतो ते येथे लिहीत नाही.

पण अंगण वेगळे आणि काळी जमीन वेगळी. वाळलेला पाय मऊ मातीत रुते. तो उपसेपर्यंत तिफण पुढे जाई. मी ओढला जाऊन तिला गाठी, तेवढ्यात मूठ उघडी पडे किंवा बंदच राही. पहिल्या फेऱ्यांमध्ये काय घडत होते ते मला कळत होते. भावालाही कळत होते. तो मागे वळून पाहत नव्हता. तेच अधिक बोचले. रस्त्यावरून मोटारसायकलवर जाणाऱ्या एकाने थांबून विचारले, मुनीमजी ट्रॅक्टरवर रुसले काय. भावाने त्याला पुढे जायला सांगितले.

भावाची पत्नी बांधावर न्याहारी घेऊन आली होती. ती माझ्याशी थेट बोलत नाही. जुनी रीत आहे. मला सांगायचे ते ती नवऱ्याला सांगते, मी ऐकेन अशा आवाजात. तिने दोन फेऱ्या पाहिल्या.

"कोन्या गाडीची येळ चुकून राह्यली तुमची?" ती नवऱ्याला म्हणाली. "बैलं आवरून हाका न जरा. त्याईच्या पावलानं चालू द्या."

भाऊ थांबला. कासरे आखडून धरले आणि बैलांना एक एक पाऊल टाकायला लावले.

बैल हळू चालवता येतात, हे आमच्या घरात कुणाला सुचले नव्हते. वडिलांना नाही, भावाला नाही, मलाही नाही. मी आयुष्यभर पाय बैलांच्या चालीला बसवू पाहिला. आता पाय रुते, निघे, टेके. तोवर तिफण माझ्याजवळच असे. पाय टेकला की बोटे उघडायची. धार तुटेनाशी झाली. एक फेरी, मग दुसरी. माझी नजर हातावरून हटली नाही.

ऊन उतरताना तुकडा संपला. भावाने बोटाने माती उकरून पाहिली. शेवटच्या तासांत, म्हणजे तिफणीने पाडलेल्या ओळींत, दाणे अंतरा-अंतराने पडले होते. मग तो सुरुवातीच्या तासांकडे गेला, तिथेही उकरले आणि उभा राहिला.

"इथं खाली हाये, भाऊ, बीच नाई पडलं. रस्त्याच्याच अंगाले. पुन्हा एक फेरा मारू का? मूठ मी धरतो. कोनाले समजनार नाई."

वडिलांना भीती होती ती हीच जागा. मी पाहत राहिलो. ते असते तर शेवटच्या तासांपर्यंत चालत आले असते का, हे मला ठाऊक नाही. यावे असे वाटले.

"राहू दे," मी म्हणालो. "उगवू दे जसं हाये तसं. पुढच्या साली भरन."

"पुढच्या सालीबी तूच धरतं?"

"मंग कोन?"

तो बैल सोडायला गेला.

पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी रस्त्याने जावे लागणार होते. मोकळ्या जागा दिसतील. त्यांच्यापलीकडच्या ओळीही दिसतील. त्या पाहण्याची मला घाई झाली होती, आणि या वयात घाई चांगली नव्हे.

घरी आलो. ताट वाढलेले होते. बियाण्याला औषध चोळलेले असल्याने मोरीवर बसून उजवा हात साबणाने दोनदा धुतला, नखांतले काडीने काढले, आणि पंच्याला पुसला.